दोन गिलास

"पाणी किती पिता दिवसातून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"पेते ना, भरपूर पेते," यशवंतराव म्हणाले.

बाईंनी कागदावरून मान वर केली नाही. "मी त्यांना विचारलं."

कमलबाई स्टुलावर अंग चोरून बसल्या होत्या. पांढुर्ण्याहून सौंसरपर्यंत बसमध्येही त्या तशाच बसून आल्या होत्या. यशवंतरावांचं पांढुर्ण्यात कापडाचं दुकान. गिऱ्हाईक असो की पाहुणा, बोलायचं काम त्यांचं. पाळी जाऊन दोन वर्षं झाली, लघवीला सारखं जावं लागते, आग होते, तीनदा गोळ्या झाल्या, आठ दिवस बरं वाटते अन् पुन्हा तेच, हे सगळं आल्या आल्या त्यांनीच सांगून टाकलं होतं.

"दोन गिलास," कमलबाई म्हणाल्या.

"सकाळी?"

"दिवसभरात. एक जेवताना, एक गोळीसंग."

बाईंचा हात थांबला. "उन्हाळ्यातही?"

"हो."

"आणि शौचाला साफ होतं?"

"चौथ्या-पाचव्या रोजी होते. लई जोर द्यावा लागते." त्या अडखळल्या. "रक्त बी पडते कधी कधी."

यशवंतरावांना हे माहीत नव्हतं. एका घरात राहून त्यांना हे माहीत नव्हतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. "पाळी गेली की तिथली कातडी नाजूक होते, कोरडी पडते. म्हणून आग पुन्हा पुन्हा होते. त्याला औषध आहे. पण तुम्ही पाणीच तोडलंत. लघवी जळजळीत होणार, पोट घट्ट होणार, आणि पोट घट्ट झालं की लघवी आणखी अडणार. पाणी कमी प्यायला कोणी सांगितलं तुम्हाला?"

मागच्या वैशाखात त्यांच्या मुलीला, प्रतिभाला, पाहायला छिंदवाड्याची मंडळी आली होती. बोलणी चालू असताना कमलबाई तीनदा उठून परसातल्या संडासाकडे गेल्या. तिसऱ्यांदा परत आल्या तेव्हा मुलाच्या आत्यानं सगळ्यांसमोर विचारलं, "यायले काही बिमारी आहे काय?" पंधरा दिवसांनी नकाराचं पोस्टकार्ड आलं. त्यात कारण लिहिलेलं नव्हतं. यशवंतरावांनी ते कार्ड घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून म्हटलं होतं, "तुह्यापायी गेलं हे. पाणीच नको पेत जाऊ, म्हणजे उठायचं कामच नाही."

रागात बोललो, तिच्या ध्यानातही नसेल, असं ते धरून चालले होते. कमलबाईंनी ते ऐकलं होतं, आणि त्या दिवसापासून तसंच वागत आल्या होत्या.

"कोणी नाही," कमलबाई म्हणाल्या. "माह्याच मनानं."

यशवंतरावांनी तोंड उघडलं. दार अर्धं उघडं होतं आणि बाहेरच्या बाकावर पांढुर्ण्याचे नत्थूजी सोनार बसले होते. कान इकडेच असावेत.

"बाई," यशवंतराव म्हणाले, "इसबगोल चालू करायचं काय?"

बाईंनी गोळ्या लिहून दिल्या, लावायचं मलम लिहून दिलं. मग नर्सकडून पाण्याचा तांब्या मागवला. "माझ्यासमोर प्या. सगळा." कमलबाई प्यायल्या. त्यांचा गळा वर-खाली होत होता आणि तांब्या लवकर संपला नाही. यशवंतराव भिंतीवरचं कॅलेंडर पाहत राहिले.

परतीच्या बसला गर्दी होती, पण दोघांना जागा मिळाली. अर्धा रस्ता झाला. दोन्ही बाजूंना संत्र्याचे बगीचे लागले. कमलबाईंनी समोरच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरला होता. बस आदळली की त्या डोळे मिटत होत्या.

"लागली काय?"

"नाही."

"कमल."

"घरी जाईन ना. लोक आहेत, बसा चुपचाप."

यशवंतराव उठले. "गाडी थांबवा हो भाऊ!"

"क्या हुआ, सेठ?" कंडक्टरनं विचारलं.

"मले लागली."

मागून कोणीतरी हसलं. "स्टँडवरच जाऊन यायचं होतं, सेठ!" कंडक्टरही हसला, पण त्यानं शिटी मारली. बस कडेला घरघरत थांबली.

यशवंतराव वाकले आणि हळूच म्हणाले, "चाल. उतर."

कमलबाई उतरल्या. त्यांच्या मागून एक म्हातारी उठली. मग कडेवर पोर घेतलेली एक बाई. मग आणखी दोघी. पाचही जणी बांधामागच्या झाडांत गेल्या. यशवंतराव रस्त्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊन, पाठ करून उभे राहिले. त्यांना लागलेली नव्हती.

बस निघाली तेव्हा म्हातारी मागच्या सीटवरून पुढं झुकली. तिनं कमलबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"कुठली वो माय तू?"

"पांढुर्ण्याची."

"मी सावरगावची. बाई, तुहा मालक देवमाणूस आहे. बायकोसाठी सगळ्या गाडीत सोताचं हासं करून घेतलं. आमच्या जल्मात नाही केलं कोणी असं."

यशवंतराव आपल्या चपलांकडे पाहत राहिले. कमलनं नाही म्हणावं, त्या पोस्टकार्डाच्या दिवशीचं सगळं इथं, या भरल्या बसमध्ये, मोठ्यानं सांगून टाकावं, असं त्यांना फार वाटलं.

"हो," कमलबाई म्हणाल्या, आणि त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.