दहावी खेप

"त्र्याण्णव टक्के." किती माल हाती आला त्याचा आकडा शहाजीसाहेबांनी वाचला आणि वहीत टिपला.

दाक्षायणीनं वाकून आकडा पुन्हा पाहिला. नव्या कोऱ्या पुडीनं पहिल्याच खेपेला शहाण्णव द्यायला हवे होते.

ही काळी पूड म्हणजे तिची तीन वर्षांची मेहनत. लोखंडाच्या बारीक कणांवर पॅलेडियम या महागड्या धातूचे त्याहून बारीक कण. चिमूटभर घातली की तापाच्या गोळीचा कच्चा माल साध्या पाण्यात तयार व्हायचा. मग चुंबक लावून पूड गोळा करायची, धुवायची आणि पुन्हा वापरायची. जुन्या पद्धतीसारखे गाळाचे ढीग नाहीत, नाकाला रुमाल नाही.

शहाजीसाहेब औषध कारखान्याचे. त्यांची अट साधी होती. एकाच पुडीनं सलग दहा खेपा, आणि एकदाही नव्वदच्या खाली यायचं नाही. नाहीतर त्यांची जुनी पद्धत बरी.

सरावात आठ खेपांतच आकडा उतरू लागला होता. म्हणून तर दाक्षायणीनं खास परीक्षेसाठी नवी पूड केली होती. आता तीही रुसलेली दिसत होती.

"ताई, तोंड का उतरलंय?" प्रयोगशाळेत मदतीला असलेल्या गुरम्मामावशींनी विचारलं. पूड काढून देणं, धुणं, वाळवणं सगळं त्यांच्याकडे. त्यांच्या हातून कण सांडेल तर शपथ!

"काही नाही, मावशी."

"लई गुणाची हाय ती. बगा तुमी."

आणि गुण दिसलाच. पाचवी खेप, त्र्याण्णव. आठवी, ब्याण्णव. तिसऱ्या दिवशी दहावी खेप झाली तेव्हा दाक्षायणीनं डोळेच मिटून घेतले.

"एक्क्याण्णव," शहाजीसाहेब म्हणाले आणि चक्क हसले. "बाई, पुढच्या महिन्यापासून कारखान्यात सुरू करू."

दाक्षायणीला आनंद मावेना. तिनं गुरम्मामावशींना मिठी मारली, साहेबांना दोनदा चहा विचारला आणि दोन्ही वेळा करायचा विसरली.

"मावशी, सरावातली ती जुनी पूड आता टाकून द्या बरं. कपाटात उगीच जागा अडवतेय."

गुरम्मामावशींनी कपाळाला हात लावला.

"टाकू? आवो ताई, तीन दिस तीच तर राबतीया की! जुनी चालतीया तवर नवी कशाला फोडायची?"