पुढचा एक्सल

ओहोटी लागली आणि खाडीच्या चिखलातून पिकपची चारही चाकं वर आली. गाडी उलटी पडली होती. केबिन पार रुतलं होतं, नंबरपाटी गाडली गेली होती आणि रंग ओळखायची तर सोयच नव्हती. पहाटे पुलाचा कठडा तोडून कुणीतरी खाली गेलं, एवढंच गावाला ठाऊक होतं. क्रेन अलिबागहून निघाली होती. ती यायला दुपार होणार होती.

दुपारपर्यंत थांबायचं कसं? मासळी घेऊन पहाटे निघालेला विनेश अजून बाजारात पोचला नव्हता. फोन बंद. त्याची आई कृष्णाबाई काठावर उकिडवी बसली होती. शेजारी त्याची बायको जागृती उभी होती, ओढणीचं टोक तोंडात धरून.

म्हणून फकरुद्दीन मेकॅनिकला बोलावलं. साठी उलटलेला हा माणूस सख्ख्या मेव्हण्याला भर बाजारात ओळखायचा नाही, पण गाडीचं पोट दाखवा, ती कुणाची आणि कुठे कुठे आपटली ते बिनचूक सांगायचा. विनेशची पिकप तर घेतल्यापासून त्याच्याच हाताखाली होती. पोरावर जीव होता त्याचा. गाडी आणली की आधी दोन शिव्या, मग चहा.

लुंगी खोचून तो चिखलात उतरला. आधी गुडघ्यापर्यंत, मग मांडीपर्यंत. काठावरून पन्नास माणसं बघत होती. त्याला भीती वाटत होती आणि ती लपवायचीही शुद्ध त्याला उरली नव्हती. तोंडाने दुवा पुटपुटत तो पुढे सरकत राहिला.

त्याला एकच गोष्ट बघायची होती, पुढचा एक्सल. विनेशची पिकप हलकी. तिची पुढची चाकं म्हणजे वेगळी चूल मांडलेले दोन भाऊ. ज्याची स्प्रिंग त्याची. जड पिकपचं तसं नसतं. तिथे या चाकापासून त्या चाकापर्यंत एकच जाड लोखंडी दांडा, आणि तो स्प्रिंगच्या जागी लांबलचक पोलादी पाट्यांवर बसवलेला. यात चूक व्हायला जागाच नाही.

त्याने ओंजळीने पाणी मारलं, चिखल निपटून काढला. हाताला जाड, गार लोखंड लागलं. ते चाचपत तो एका चाकापासून दुसऱ्या चाकापर्यंत गेला. दांडा सलग होता. त्याखाली पाटे होते. खात्रीसाठी त्याने पुन्हा सगळं चाचपलं, आणि मग तो हसलाच.

“आपली न्हाय! जड गाडी हाय ही! विनेशची न्हाय!”

काठावर एकच गलका उठला. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी विनेशला शिव्या घातल्या. मेल्याच्या फोनची बॅटरी संपली असंल, बसला असंल कुठंतरी मिसळ खात! कृष्णाबाईने खाडीला हात जोडले. मग तिचा चेहरा उतरला.

“कुनाचा तरी पोर असंलच की रं आत,” ती म्हणाली. “त्याच्या आयशीला कोन सांगंल?”

एकदोघांनी ‘खरं हाय’ म्हणून माना हलवल्या. आपण वाचलो की दुसऱ्याच्या दुःखाला पुरतं रडू येत नाही, मग कितीही चांगली माणसं असोत. एक बाई चहा टाकायला घराकडे निघालीसुद्धा.

फकरुद्दीन धापा टाकत वर आला. सगळे त्याच्याभोवती जमले. जागृती मात्र जागची हलली नव्हती. तोच तिच्यापाशी गेला.

“पोरी, आता तरी पानी पी.”

“चाचा, एक्सलला गंज चढलाय का?”

“न्हाय. कोरा हाय.” बोलून गेला आणि त्याचं त्यालाच नवल वाटलं. या खारट हवेत किनाऱ्यावरची कुठलीच गाडी महिनाभरसुद्धा कोरी राहत नाही. त्याने आपले तळवे पाहिले. चिखलात नव्या काळ्या रंगाचे ओघळ होते. “का गं?”

जागृती हळूच खाली बसली. सासूला ऐकू जाऊ नये इतक्या बारीक आवाजात ती बोलली.

“आमच्या गाडीला जड एक्सल लावायला तुमी न्हाय बोललात ना, चाचा, म्हनून मागल्या आठवड्यात त्यांनी उरनला जाऊन तो लावून घेतला, आनि तुमाला सांगू नको म्हनून मला शपथ घातली.”