साक्रीहून आलेली साडी

सासूबाई मोरीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं होतं, रोज चालवा, झोपवून ठेवाल तर झोपूनच राहतील. म्हणून मी त्यांना रोज वॉकर देऊन चालवत होते, आणि भेटायला येणारा प्रत्येक शहाणा माझ्या हातचा चहा पिऊन मलाच कसाई ठरवून जात होता.

त्यात एके दिवशी साक्रीहून त्यांचे भाऊ, सुकदेवमामा, मामींना घेऊन आले. बहिणीचा हात हातात घेऊन त्यांनी डोळे पुसले आणि माझ्याकडे वळले. "आते ह्या वयमा हाड काय जुडस? पडू दे तिले सुखमा."

चहा टाकायला मी आत गेले, तर मामी मागोमाग आल्या. पिशवीतून नवीकोरी हिरवी साडी काढून त्यांनी हळूच माझ्या हातात दिली. "कपाटमा ठेव. बाई सवाष्ण शे, शेवटली साडी भाऊना घरनीच लागस. ऐन वखतले धावपळ नको."

मी कपाटाकडे गेलेच नाही. साडी सरळ सासूबाईंच्या मांडीवर ठेवली आणि मामींचे शब्द जसेच्या तसे सांगितले. सासूबाई साडीची घडी मोडत मला म्हणाल्या, "नेसाड मले."

मामा-मामी रिक्षात बसले, तेव्हा सासूबाई ती हिरवी साडी नेसून, वॉकर टेकत फाटकापर्यंत आल्या होत्या.

"हाई तर मी नेसी टाकी, भाऊ. नवी आनाले तू मातर जित्ता ऱ्हायजो."