टेबलावर ठेव

साठ वर्षं झाली. आठवीनंतर शाळा का नाही, असं विचारत मी सतराव्या वर्षी आमचा कर्मठ ख्रिस्ती आमिश पंथ सोडला. बाप्तिस्मा घेताना पंथात राहण्याची शपथ घेतली होती, म्हणून रविवारी बिशपनं मला वाळीत टाकलं. आता माझ्या हातून कुणी काही घ्यायचं नव्हतं. दुपारच्या बसनं मी कायमची जाणार होते.

पाळण्यात धाकटा भाऊ लेव्ही रडत होता. सवयीनं मी त्याला उचलून आईपुढे धरलं. तिचे हात हललेच नाहीत.

"टेबलावर ठेव त्याला."

"आई, पाव नाहीये तो."

"ठेव म्हणते ना, शहाणे."

कसंबसं त्याला ठेवलं. आईनं त्याला उचलून उगी केलं आणि परत माझ्याच हातात दिलं.

"तुझ्याकडून घ्यायला बंदी आहे, द्यायला नाही," ती म्हणाली. "बस येईपर्यंत असू दे तुझ्यापाशी."