हितेशची मावशी

बाहेरून कुलपात किल्ली फिरली आणि कौशल्याबाईंच्या हातातला चमचा तसाच राहिला. हितेश तर नुकताच ऑफिसला गेला होता. सकाळी स्टेशनवरून त्यांना फरीदाबादच्या या फ्लॅटवर सोडलं आणि तसाच पळाला.

दार उघडून एक वयस्कर बाई आत आली. अंगावर शाल, हातात झाकलेलं पातेलं. कौशल्याबाईंना बघून ती जराही दचकली नाही.

"चहापत्ती त्या डब्यात नाही, वरच्या फळीवर बघा. मी विजयालक्ष्मी, समोरच्या फ्लॅटमधली. तुम्ही आलात, अच्छा झालं."

समोरच्या बाईंबद्दल हितेश फोनवर बोलला होता. मराठी आहेत, रिटायर झाल्यात, एकट्या असतात, कधीमधी भाजी देतात. एवढंच. भाजी देणाऱ्या बाईंकडे घराची किल्ली असते, हे तो बोलला नव्हता.

विजयालक्ष्मींनी पातेलं फ्रिजमध्ये ठेवलं. आतलं शिळं वरण काढून सिंकमध्ये ओतलं आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसल्या. "बसा ना" म्हणायला कौशल्याबाईंनी तोंड उघडलं होतं, ते तसंच मिटलं. या घरात पाहुणं कोण, तेच त्यांना ठरवता येईना. त्यांनी चहा टाकला.

"आता जरा भरलाय तो," चहा पिता पिता विजयालक्ष्मी म्हणाल्या. "सप्टेंबरमध्ये बघायला हवा होता तुम्ही. नुसता सांगाडा झाला होता."

"सप्टेंबरमध्ये काय झालं?"

विजयालक्ष्मींनी कप खाली ठेवला. "त्यानं अजून सांगितलं नाही?"

"काय?"

"डेंग्यू. ॲडमिट होता. मी म्हणत होते, आईला कळव. तर म्हणे, ती घाबरून मिळेल त्या गाडीनं निघेल. बरा झालो की मग सांगतो."

सप्टेंबरमध्ये त्याचे फोन रोज येत होते. आवाज बसलाय का रे, असं त्यांनी विचारलंही होतं. ऑफिसातल्या एसीमुळे, म्हणाला. त्यांनी मानलं होतं. आता राग आला, पण तो नेमका कुणाचा, ते कळेना. पोराचा, की त्याच्या उशाशी बसलेल्या या बाईचा, की अमरावतीत बसून एसीवर विश्वास ठेवणाऱ्या स्वतःचा? आभार मानायला हवेत, हेही कळत होतं. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मी त्याला न्यायला आलेय. नागपूरला बदली मागून घे म्हणणार आहे."

आता ही बाई आडवी येणार, अशी त्यांची खात्री होती. पुढचं उत्तरही त्यांनी तयार ठेवलं होतं.

"बिल्कुल म्हणा," विजयालक्ष्मी म्हणाल्या. "मीही तेच सांगत असते. माझं ऐकत नाही. तुमचं ऐकेल."

"का ऐकत नाही?"

विजयालक्ष्मी उठल्या, रिकामे कप उचलले आणि नळ मोठा सोडला.

तेवढ्यात फोन वाजला. हितेश होता.

"आई, मावशी आलीय का तिकडे?"

"कोण मावशी?" कौशल्याबाईंना सख्खी-चुलत एकही बहीण नव्हती.

"अगं, समोरची! तिनं बीपीची गोळी घेतली का, विचार. मागे चक्कर येऊन पडली होती बाथरूममध्ये. माझ्या कानावर आवाज आला म्हणून, नाहीतर... आणि घेतली म्हणाली तर खरं धरू नकोस. चलो, ठेवतो, मीटिंग आहे."

तू जेवलीस का, प्रवासात झोप झाली का, काही विचारलं नाही त्यानं. कौशल्याबाईंनी फोन ओट्यावर ठेवला आणि पाठमोऱ्या विजयालक्ष्मींकडे वळल्या.

"गोळी घेतली का तुम्ही?"

"घेतली ना," विजयालक्ष्मी वळून न बघता म्हणाल्या.

लहानपणी हितेश दूध मोरीत ओतून असंच सांगायचा. अगदी याच सुरात.

"कुठे ठेवता गोळ्या?"

आता मात्र विजयालक्ष्मी वळल्या. ओले हात शालीला पुसले. "टीव्हीच्या बाजूला," शेवटी पुटपुटल्या. "दार नुसतं लोटलंय."

कौशल्याबाई अनवाणीच समोरच्या घरात शिरल्या. टीव्हीच्या बाजूला वारांचे खण असलेली डबी होती. आजच्या, सोमवारच्या खणातली गोळी जागच्या जागी होती. ती तळहातावर घेऊन त्या उभ्या राहिल्या. संध्याकाळी बदलीचं कसं काढायचं, आधी काय बोलायचं, मग काय, सगळं गाडीत घोकून झालं होतं. आता त्यातलं एक वाक्य धड आठवेना.

"पाणी इकडे आहे गं," पलीकडून विजयालक्ष्मींची हाक आली. "नुसती गोळी घेऊन ये."

"आले," कौशल्याबाई म्हणाल्या.

वळताना त्यांची नजर तिथल्या बाल्कनीकडे गेली. दोरीवर हितेशचे शर्ट होते, कडक वाळलेले. गोळी मुठीत धरूनच त्यांनी ते काढले, सवयीनं घड्या घातल्या, आणि कुठल्या घरात ठेवायचे ते न कळून तशाच दारात उभ्या राहिल्या.