मूर्तीचं बोट

बोट बसलं! कुलपात किल्ली बसावी तसं, अलगद. संगमरवरी बाईच्या तुटक्या हाताला चिकटताईनं ते नुसतं टेकवलं आणि मधली फट दिसेनाशी झाली.

“काका, बघा! तुमचीच आहे!” ती एवढ्यानं ओरडली, की शेजारच्या दालनातली माणसं वळून बघायला लागली.

चिकटताई म्हणजे संग्रहालयातली संशोधक. कुठली वस्तू कुणाकडून कुणाकडे गेली, हे खणून काढायचं तिचं काम. ‘हिला घोड्याचा नाल सापडला, तर ही घोड्याचं आजोळ शोधून काढेल,’ असं सगळे म्हणायचे. या दोन हजार वर्षांच्या मूर्तीमागे ती हात धुऊन लागली होती. संग्रहालयाला ती विकली एका गिरणीमालकाच्या बायकोनं. गिरणीमालकाला विकली दलालानं. दलालाच्या आधी? काहीच नाही, ठणठणाट! आणि एक दिवस हे नावाडीकाका येऊन उभे राहिले.

“आमच्या घाटावर होती ही,” ते म्हणाले होते. “बोट पैलतीराकडे. धुकं पडलं की बाप-आजे तिच्या बोटाच्या रोखानं होडी हाकायचे. मी पोर होतो तेव्हा पूर आला, गाव टेकडीवर गेलं, तेवढ्यात कुणीतरी हिला ओढून नेली. बोट तेवढं मोडून चिखलात राहिलं.”

ते बोट फडक्यात गुंडाळून काकांनी होडीच्या टोकाला बांधलं होतं. तिथून सोडून इथं आणायलाच तयार नव्हते. “पोरी, हे हरवलं तर गाव माझी हाडं मोडेल.”

“तासाभरात परत तुमच्या हातात देते, काका. माझा शब्द!”

आता संग्रहालयाचे मोठे साहेब आले. भिंगातून बराच वेळ बघत राहिले.

“वा! शंकाच नको. बोट याच मूर्तीचं.”

“म्हणजे मूर्ती यांची!” ताई जवळजवळ उडालीच.

“तसं कसं? मूर्ती आपल्याकडे कशी आली, ते तूच तर कागदानिशी शोधलंस. यांचा कागद कुठाय?”

काका गोंधळले. “साहेब, ती घाटावरच उभी होती. आम्ही कुठं विकत घेतली?”

“तेच तर.” साहेबांचा आवाज लोण्यासारखा मऊ होता. “मूर्ती आपली, बोट मूर्तीचं. ताई, आजच पक्कं बसवून घे.”

आता ताईनं भांडायचं तरी कशाच्या जोरावर? बोट मूर्तीचंच आहे, हे ओरडून सांगणारी तीच होती. ती नुसतीच काकांच्या मागे दारापर्यंत गेली. काकांनी रागानं बघितलं असतं तरी बरं वाटलं असतं. ते बघतच नव्हते.

दारात चौकीदारानं हात आडवा घातला. बाहेर जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायचं, हा इथला नियमच.

“आतलं काही घेऊन चालला नाहीत ना, काका?”

काकांनी खिशातलं फडकं काढलं, झटकलं आणि दोन्ही बाजूंनी उलटून त्याला दाखवलं.