बाप मंडळींचा ठराव

इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला, मुलांना शाळेत न घालता घरीच शिकवणाऱ्या आमच्या ख्रिस्ती होमस्कूलिंग ग्रुपमध्ये सहा महिने एकच वाद पेटला होता: बाईनं मोठ्या मुलग्यांना शिकवावं का? अर्धे बाप म्हणायचे, शास्त्रात स्पष्ट मनाई आहे. उरलेले म्हणायचे, मनाई आहे हे खरं, पण नक्की कितव्या वर्षापासून? शिकवत होतो आम्ही आयाच. मी स्वतः पुण्यात कॉलेजमध्ये नऊ वर्षं गणित शिकवलेलं.

शेवटी रविवारी चर्चनंतर बाप मंडळींनी मतदान घेतलं. आम्हा बायकांना मत नव्हतं, चहा करायला मात्र आवर्जून बोलावलं होतं. ठराव माझ्या नवऱ्यानंच, रूबेननं, उभं राहून खणखणीत आवाजात वाचला: "बारा वर्षांवरच्या कोणत्याही पुरुषाला यापुढे बाई शिकवणार नाही. ते काम वडील करतील." जोरात टाळ्या पडल्या. मोठ्या मुलांचं गणित रूबेनच्या वाट्याला आलं.

सोमवारी ऑफिसमधून आल्यापासून तो गणिताचं पुस्तक हातात धरून किचनमध्ये घुटमळत होता. मी पोळ्या करत होते.

"अगं, उद्या रजा टाकलीय, सकाळीच पोरांना शिकवायचंय," तो हळूच म्हणाला. "ही क्वाड्रॅटिक इक्वेशन्स तेवढी मला समजावून दे ना."



मी तव्यावरची पोळी उलटली आणि विचारलं, "रूबेन, तू बाराच्या आत आहेस का रे?"